नव्वद लाखांचा संकल्प

एप्रिल 2013 मध्ये क्योटोच्या निन्टेंडो कंपनीने जाहीर केलं, की येत्या आर्थिक वर्षात आपण ‘वी यू’ नावाचे 90 लाख गेम कन्सोल विकणार. पहिल्या तिमाहीत जपान, अमेरिका, युरोप आणि उरलेलं जग असं सगळं मिळून खपले 1 लाख 60 हजार. या चालीने 90 लाखांचा पल्ला गाठायला चौदा वर्षं लागली असती, म्हणजे अख्खा एक वनवास. ऑक्टोबरात कंपनी पुन्हा हिशेबाला बसली. सहा महिन्यांची बेरीज भरली 4 लाख 60 हजार. उरलेल्या सहा महिन्यांत 85 लाख 40 हजार खपवायचे बाकी. अशा वेळी साधा दुकानदार गुपचूप आकडा खाली आणतो. निन्टेंडोने 90 लाख कायम ठेवले. पुढे नाताळ होता ना!

नाताळ आला आणि गेला. जानेवारी 2014 मध्ये 90 लाखांचे 28 लाख झाले. मार्चअखेर प्रत्यक्षात खपले 27 लाख 20 हजार. वर्ष संपायला दोन-अडीच महिने उरल्यावर भविष्य सांगितलं की ते बऱ्यापैकी खरं ठरतं, एवढं तरी यातून सिद्ध झालं.

खप मंदावलेला कन्सोल पुन्हा सावरू शकतो का, या एका प्रश्नावर जगात एक अख्खा वर्ग पोटभर जगतो. त्यांना विश्लेषक म्हणतात. 2013-14 मध्ये त्यांचे दोन तट पडले होते. पहिला म्हणे, पुढचा गेम येऊ द्या, मग बघा. दुसरा म्हणे, निन्टेंडोने मशीन बनवणं सोडावं आणि आपल्या गेममधल्या मारिओला मुकाट्याने फोनवर पाठवावं. पहिल्या तटाची सोय अशी, की पुढचा गेम नेहमीच पुढे असतो. दुसऱ्याची सोय अशी, की सल्ला फुकट असतो आणि कारखाना दुसऱ्याचा असतो.

मुळात हे दुखणं आलं कुठून? यशातून. आधीच्या ‘वी’ने कहर केला होता. एरवी गेमच्या वाऱ्याला उभे न राहणारे आजी-आजोबा हात हवेत फिरवून दिवाणखान्यात बोलिंग खेळू लागले आणि दहा कोटींवर मशिनं खपली. एवढं यश मिळालं की माणसाला वाटतं, लोक आपल्यावर प्रेम करतात. लोकांचं प्रेम बोलिंगवर होतं.

जून 2011 मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या गेमच्या मेळ्यात ‘वी यू’चं मुखदर्शन झालं. दर्शन मुख्यतः हातातल्या कंट्रोलरचं झालं. मूळ मशीन कोपऱ्यात लाजत उभं होतं. हा नवा कन्सोल आहे की जुन्या ‘वी’ला जोडायची पाटी, हे जमलेल्या पत्रकारांनाही उमजेना. मग नातवासाठी खरेदीला निघालेल्या आजीची काय कथा? तिने ‘वी’ एकदा घेतला होता, तोच तिच्या लेखी ‘वी’. मशीन बाजारात येऊन महिने लोटल्यावर खुद्द अध्यक्ष सातोरू इवाता यांनी मान्य केलं, की पुष्कळांना हा जुनाच ‘वी’ वाटतोय, सोबत पाटी दिलेला. जगातल्या बहुतेक कंपन्या जुना माल नवा म्हणून खपवतात. नवा माल जुना समजला जावा म्हणून कोट्यवधी खर्च करणारी कंपनी विरळाच.

आता ही पाटी, म्हणजे गेमपॅड, जरा हातात घेऊन बघू. मधोमध 6.2 इंचांचा टचस्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं आणि दांडे, वर कॅमेरा. टीव्हीवर दुसरं कुणी बातम्या बघत बसलं तर खेळणाऱ्याने आपला गेम या छोट्या पडद्यावर ओढून घ्यायचा, ही त्यातली खरी युक्ती. घराघरांतल्या रिमोटच्या लढाया मिटवणारं साधन! मात्र ते घेऊन दोन खोल्या पलीकडे गेलात की चित्र अडखळतं, कारण सगळा गेम चालतो तो टीव्हीखालच्या मशिनात. बॅटरी तीन ते पाच तासांची. म्हणजे मशीन हातात घेऊन फिरता येईल असं वाटतं आणि फिरता येत नाही. घरातल्या घरात दिलेलं स्वातंत्र्य असंच असतं, त्याला भिंतीपर्यंतची मुदत असते.

नोव्हेंबर 2012 मध्ये अमेरिकेत ज्याने 350 डॉलरला एक सेंट कमी मोजून मोठ्या मॉडेलचं खोकं घरी आणलं, त्याचा पहिला दिवस असा गेला. खोकं उघडलं, तारा जोडल्या, पोरं कोंडाळं करून बसली. पडद्यावर सूचना आली की सॉफ्टवेअर अद्ययावत होत आहे, कृपया मशीन बंद करू नये. तास गेला. काहींचा त्याहून जास्त गेला. मधे वीज गेली तर नवंकोरं मशीन कायमचं निजण्याची भीती. शेवटी मेनू उगवला. एका गेममधून बाहेर पडून मेनूवर यायला इतका वेळ लागे, की आपण बाहेर का आलो हे माणूस विसरे. पुढच्या एप्रिलमध्ये कंपनीने यात सुधारणा केली आणि आधी किती वेळ लागत होता, आता किती लागतो, याचा तुलनात्मक व्हिडिओ स्वतःच काढला. आपल्याच मालाच्या संथपणाचं प्रात्यक्षिक इतक्या प्रांजळपणे आजवर कुणी दिलं नसेल.

बरं, मेनूवर येऊन तरी करायचं काय? जानेवारी 2013 मध्ये इवातांनी व्हिडिओतून दिलगिरी व्यक्त केली, की जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडून एकही नवा गेम नाही. एचडी चित्रं काढायला जुन्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं आणि वेळ लागतो, हे त्यांना एचडी मशीन बाजारात आणताना समजलं. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवाल्यांना हे सहा-सात वर्षं ठाऊक होतं. पण शेजाऱ्याला विचारलं तर कमीपणा येतो.

बाहेरच्या गेम कंपन्यांवर भिस्त होती, तर त्यांची तऱ्हा न्यारी. ई-थ्री 2011 च्या व्यासपीठावर इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या प्रमुखांनी निन्टेंडोशी ‘अभूतपूर्व भागीदारी’ जाहीर केली होती. त्यांनी सुरुवातीला चार गेम दिले आणि 2013 मध्ये कळवलं, की सध्या आमच्याकडे ‘वी यू’साठी काहीही तयार होत नाही. आधी असं कुणी वागलं नव्हतं, त्या अर्थाने भागीदारी अभूतपूर्वच. युबीसॉफ्टचा ‘रेमन लेजंड्स’ फक्त याच मशीनसाठी फेब्रुवारीत येणार होता. गेम तयार, तारीख तयार. ऐन वेळी ठरलं की सप्टेंबरपर्यंत थांबू आणि सगळ्या कन्सोलवर एकदम काढू. तयार गेम सहा महिने कपाटात पडला. तो बनवणाऱ्या फ्रान्समधल्या मंडळींनी उघड नाराजी दाखवली. पण पोट भरणारं मशीन कोणतं, हे हिशेबनिसाला बनवणाऱ्यापेक्षा आधी कळतं.

मशीन खपत नाही म्हणून गेम येत नाहीत, आणि गेम येत नाहीत म्हणून मशीन खपत नाही. या गोल गोल फिरण्यातून सुटलेले कन्सोल आहेत का? आहेत की. खुद्द निन्टेंडोच्याच घरात आहे. 2011 च्या फेब्रुवारीत त्यांनी हातातला ‘थ्रीडीएस’ 25 हजार येनला आणला. कुणी फिरकेना. सहा महिन्यांच्या आत किंमत 15 हजार येनवर आली आणि इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला. ज्यांनी जास्त पैसे मोजले होते त्यांना वीस जुने गेम फुकट दिले आणि वर ‘राजदूत’ ही पदवी दिली. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला इतका मान दुसऱ्या कुठल्या दरबारात मिळत नाही. वर्षअखेर नवे मारिओ आले, गाडी रुळावर आली आणि शेवटी साडेसात कोटींवर नग खपले.

दुसरं उदाहरण सोनीचं. 2006 मध्ये प्लेस्टेशन 3 चं महाग मॉडेल 600 डॉलरला आलं. केन कुतारागी या त्याच्या जनकाचं म्हणणं असं, की हे यंत्र घेण्यासाठी लोकांना जास्त तास काम करावंसं वाटेल. लोकांनी जास्त काम केलं नाही. जुनं मशीन जास्त दिवस वापरलं. 2009 मध्ये सोनीने सडपातळ मॉडेल 300 डॉलरला काढलं, तेव्हा लोकांचं प्रेम उफाळून आलं. शेवटचा आकडा आठ कोटींपलीकडे गेला.

म्हणजे सावरता येतं. पण त्यासाठी सोडण्यासारखं काहीतरी हातात असावं लागतं. सोनीकडे निम्मी किंमत आणि बराचसा ताठा होता. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये एक्सबॉक्स वनच्या गळ्यात किनेक्ट कॅमेरा बांधला, 500 डॉलर मागितले आणि तो कॅमेरा म्हणजे यंत्राचा आत्मा आहे असं पटवून दिलं. पुढच्याच जूनमध्ये आत्मा काढून ठेवला आणि शरीर 400 डॉलरला विकलं. निन्टेंडोला हा अध्यात्ममार्ग मोकळा नव्हता. पाटी काढली तर ‘वी यू’त वेगळं काय उरतं? ठेवली तर किंमत कशी उतरणार? मशीन आधीच तोट्यात विकलं जात होतं. सप्टेंबर 2013 मध्ये कशीबशी 50 डॉलरची सूट दिली. दोन महिन्यांनी प्लेस्टेशन 4 आलं आणि ती सूटही लोक विसरले.

मार्च 2014 ला संपलेल्या वर्षात कंपनीचा कामकाजातला तोटा 4640 कोटी येन निघाला. इवातांनी पाच महिने निम्मा पगार घेतला, मारिओचे जनक शिगेरू मियामोतो आणि हार्डवेअरचे प्रमुख गेन्यो ताकेदा यांनी तीस टक्के कमी, बाकी संचालकांनी वीस टक्के कमी. माणसं कमी करून ताळेबंद सुधारायला इवातांनी साफ नकार दिला. नोकरी जाईल या धास्तीत बसलेला माणूस लोकांना रिझवणारा गेम काय बनवणार, असा त्यांचा सवाल. जगभरच्या व्यवस्थापन महाविद्यालयांना या माणसाने किती अडचणीत आणलं असेल! तोटा झाला की खालचा मजला रिकामा करायचा, हे शिकवायला तिथे दोन वर्षांची फी घेतात.

अखेर मे 2014 मध्ये ज्याची वाट बघत पहिला तट बसला होता, तो गेम आला. ‘मारिओ कार्ट 8’. पहिल्या शनिवार-रविवारी 12 लाख प्रती गेल्या. गेम उत्तम होता, यात कुणाचंच दुमत नाही. पुढे ‘स्मॅश ब्रदर्स’ आला, 2015 मध्ये रंग उडवणारा ‘स्प्लाटून’ आला. एकाहून एक सरस गेम, आणि मशीन होतं तिथेच. वर्षाला तीस-पस्तीस लाखांच्या पलीकडे काटा सरकेना. पुढच्या गेमने वाचेल म्हणणाऱ्यांचे सगळे पुढचे गेम येऊन गेले. जुलै 2015 मध्ये इवाता वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी गेले. जानेवारी 2017 मध्ये उत्पादन थांबलं. एकूण विक्री 1 कोटी 35 लाख 60 हजार.

इथे कथा संपायला हवी होती. कारण कन्सोल बनवणाऱ्या सेगा कंपनीची अशीच संपली होती. तिथल्या अध्यक्षांनी, इसाओ ओकावा यांनी, ‘ड्रीमकास्ट’च्या तोट्यात बुडालेल्या कंपनीला आपल्या खिशातले सुमारे 8500 कोटी येनचे शेअर दिले आणि 2001 च्या मार्चमध्ये ते वारले. मशीन बंद झालं आणि त्याच वर्षी सेगाचा सॉनिक निन्टेंडोच्या मशीनवर धावू लागला. मारिओलाही कुणाच्या तरी दारात असंच उभं राहावं लागणार, असं दुसरा तट छातीठोकपणे सांगत होता.

3 मार्च 2017 रोजी ‘स्विच’ आला. टीव्हीपासून उचला आणि सरळ घराबाहेर घेऊन जा. पाटीला मशीन चिकटवलं, भिंतीची मुदत काढली, एवढाच काय तो फरक. त्याच दिवशी ‘झेल्डा’चा नवा गेम दोन्ही मशीनवर एकदम निघाला. तो मुळात ‘वी यू’साठी जाहीर झाला होता. तो या मशीनसाठी निन्टेंडोने काढलेला शेवटचा गेम ठरला. पुढचा गेम शेवटी आला, तो दुसऱ्याला वाचवायला!

मग कपाटं उघडली. ‘मारिओ कार्ट 8’ चार-दोन भर घालून पुन्हा निघाला. ‘वी यू’वर त्याच्या 84 लाखांवर प्रती खपल्या होत्या, ‘स्विच’वर सहा कोटींच्या वर गेल्या. ‘डाँकी काँग’, ‘बायोनेटा 2’, ‘पिकमिन 3’, ‘सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड’, एकेक करून सगळे नव्या मशीनवर आले. 2014 मध्ये 50 डॉलरला मिळणारा ‘डाँकी काँग’ चार वर्षांनी 60 डॉलरला आला. जुना माल महाग होतो, असा अनुभव आजवर फक्त दारूच्या व्यापाऱ्यांना होता. ‘स्विच’ने पंधरा कोटींचा टप्पा ओलांडला.

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर असं, की मशीन सावरत नाही, कंपनी सावरते. गेमही सावरतात. ‘वी यू’ ही चार वर्षांहून जास्त चाललेली एक रंगीत तालीम होती. फरक इतकाच, की तालमीला बसलेल्या सव्वा-दीड कोटी लोकांकडून पहिल्या प्रयोगाच्या दराने तिकीट घेतलं गेलं, आणि खरा प्रयोग लागला तेव्हा त्यांतल्या हौशी मंडळींनी तेच नाटक दुसऱ्यांदा पैसे मोजून बघितलं, शिट्ट्याही वाजवल्या.

याबद्दल त्यांना काय मिळालं? ‘थ्रीडीएस’वाल्यांना निदान पदवी मिळाली होती. ‘वी यू’वाल्यांचं ऑनलाइन दुकान मार्च 2023 मध्ये बंद झालं आणि एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन खेळही. आमची सूचना अगदी साधी आहे. कंपनीने यापुढे मशीन विकायला काढताना खोक्यावर लिहावं की हा प्रयोग आहे की तालीम, आणि तालीम असेल तर सोबत गेमऐवजी कंपनीचा एक शेअर द्यावा. ज्यांनी ‘वी यू’च्या पडत्या काळात 350 डॉलरचं मशीन घेण्याऐवजी तेवढ्याच पैशांचे निन्टेंडोचे शेअर घेतले, त्यांचं भलं झालं, आणि त्यांना तास-तासभर अपडेटची वाटही बघावी लागली नाही.