एका टाकीचा संसार

डिझेलच्या मोटारीची टाकी एकदा काठोकाठ भरली असता, ती पुन्हा न भरता जास्तीत जास्त किती मजल मारता येईल, या प्रश्नाचा भंडारा जिल्ह्यात जेवढ्या गांभीर्याने विचार व्हावयास हवा तेवढ्या गांभीर्याने तो अद्याप झालेला नाही, हे मोठ्या खेदाने नमूद करावे लागते. लग्नाच्या पंगतीत शेजारचा गृहस्थ "गाडी किती देते जी?" एवढे विचारतो, आपण "वीस-बावीस" म्हणतो, तो "आमची पंचवीस देते" असे सांगून मिशीवरून हात फिरवतो, आणि पानात वरण पडले की हा शास्त्रार्थ तेथेच तहकूब होतो. वस्तुतः सारा घोटाळा त्या ‘देते’ या क्रियापदातच आहे. गाडी काहीही देत नसते, ती केवळ घेते. देणारे आपण असतो, आणि किती द्यावयाचे हे ठरविण्याचा अखत्यार मेंदूकडे नसून उजव्या पायाकडे असतो. सबब त्या पायाला वळण लावण्याच्या हेतूने, स्वतःच्या ४२ लिटरांच्या टाकीवर अनेक वर्षे केलेल्या प्रयोगांचे सार प्रस्तुत लेखक साधकांच्या चरणी सादर करीत आहे.

आरंभी उद्दिष्ट निश्चित करावे. भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांची प्रदक्षिणा हे नवशिक्यांचे व्रत झाले. पूर्वी ते बरेच कठीण होते. परंतु १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा करून शासनाने काटकसरीच्या उपासकांचे निम्मे ओझे परस्पर उतरविले. खऱ्या साधकाने मात्र एका टाकीत एक हजार किलोमीटर हाच संकल्प सोडावा.

कलम पहिले, भरणीचे. पंपावरील नोझल ‘खट्’ असा आवाज करून थांबते, ती आज्ञा समजावी. डिझेलला फेस येतो, तो बसू द्यावा. परंतु गाडी गदागदा हलवून आणखी दोन घोट कोंबण्याचा मोह आवरावा, कारण अशा रीतीने भरलेले डिझेल बहुधा टाकीत न राहता मडगार्डवरून ओघळते. नंतर मीटर शून्यावर आणून पुढील ‘टाकी फुल’पर्यंतचे अंतर वहीत लिहावे आणि त्यास पुन्हा भरलेल्या लिटरांनी भागावे. कंपनीच्या पत्रकातील आकड्याशी या भागाकाराची तुलना करून खिन्न होऊ नये. तो आकडा प्रयोगशाळेत, रुळांवर जागच्या जागी चाके फिरवून काढलेला असतो. तेथे समोरून वारा नसतो, आडव्या म्हशी नसतात, आणि मागच्या आसनावर मेहुणे नसतात.

कलम दुसरे, वेगाचे. हे सर्व कलमांचे मूळ आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले यंत्र तपासणीस उभे केले, तेव्हा इंधनातील उष्णतेच्या शंभर भागांपैकी सुमारे सव्वीस भाग प्रत्यक्ष कामास लागल्याचे आढळून आले, आणि वाफेच्या यंत्रांची मान खाली गेली. डिझेलच्या यंत्रात ठिणगीची दगदग नाही. हवा इतकी दाबावयाची की ती दाबानेच तापावी, आणि मग त्या तापल्या हवेत तेलाचा फवारा सोडावयाचा. परंतु ज्या काटकसरीसाठी त्या गृहस्थाने आयुष्य वेचले, ती नागपूर–साकोली महामार्गावर नव्वदाच्या वेगाने वाऱ्यावर उधळली जाते, आणि तीही शब्दशः. कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साठाच्या जागी नव्वद केले की वेग दीडपट होतो आणि विरोध सव्वादोनपट. पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटनेने तर ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हाच वेग प्रशस्त ठरविला आहे. साधकाने सर्वांत वरचा गिअर टाकून, इंजिन कण्हणार नाही अशा बेताने पंचावन्नाची समाधी लावावी, आणि प्रथम एस. टी., नंतर तुमसरच्या तांदळाचे ट्रक, व शेवटी दुचाकीवरून तिघे जण आपल्याकडे करुणेने पाहत पुढे निघून गेले तरी ती भंग पावू देऊ नये.

कलम तिसरे, उताराचे. आपला जिल्हा प्रायः सपाट असल्यामुळे उतार म्हणावा असा प्रकार पुलाच्या अलीकडे-पलीकडेच काय तो भेटतो. तरी कारध्याला वैनगंगेच्या पुलावरून उतरताना गाडी न्यूट्रल करणारे अनुभवी गृहस्थ लेखकाने डोळ्यांनी पाहिले आहेत. हा शिरस्ता आता कालबाह्य समजावा. अलीकडच्या डिझेल गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि डिझेलचा फवारा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी डिझेल पीतच राहावे लागते. शिवाय गाडीवरचा ताबा सुटतो तो वेगळाच.

कलम चौथे, थांब्याचे. पानठेल्यासमोर इंजिन चालू ठेवून खर्रा घोटवून घेणे हे या प्रांतातील इंधननाशाचे आद्य कारण होय. पानवाला प्लॅस्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना ठेवून ते पुडके लाकडी फळीवर तळहाताने जे रगडू लागतो, त्या क्रियेस उरक नावाची गोष्ट ठाऊक नसते. उभी गाडी तासाला सुमारे अर्धा लिटर पिते. तेव्हा ज्यास खर्रा सुटत नाही त्याने निदान किल्ली तरी फिरवावी.

कलम पाचवे, भाराचे. टपावरचे कॅरिअर काढून ठेवावे, चाकांतील हवा आठवड्यातून एकदा तपासावी, आणि डिकी रिकामी असावी. यातील पहिल्या दोन गोष्टी मनुष्याच्या स्वाधीन आहेत, तिसरी नाही. या धानाच्या मुलखात सोयऱ्याच्या घरून रिकाम्या डिकीने परतणे हा उभयपक्षी अपमान मानला जातो, आणि नव्या तांदळाचे चुंगडे नाकारावयाचे तर पुढील लग्नाचे निमंत्रणही नाकारण्याची तयारी ठेवावी लागते. त्यात भर अशी की, ‘भंडारा रोड’ हे रेल्वे स्थानक भंडाऱ्यात नसून वरठीस आहे; त्यामुळे गाडी बाळगणाऱ्या इसमास आल्या-गेल्या पाहुण्यांची ने-आण ही एक बिनपगारी नेमणूकच होऊन बसते.

एवढी कलमे पाळूनही संकल्प सिद्धीस गेला नाही, तो का, याची कैफियत आता देणे प्राप्त आहे. एका कार्तिकात लेखकाने सर्व नियमांचे कडक अनुष्ठान केले. मीटरवर नऊशे एकोणसत्तर किलोमीटर झाले होते, काटा तांबड्या रेषेच्याही खाली विसावला होता, पवनीहून भंडारा पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास होते, आणि सहस्राचा आकडा डोळ्यांपुढे नाचत होता. अड्याळच्या अलीकडे इंजिनाने दोन आचके दिले आणि ते शांत झाले. मीटर नऊशे एकोणनव्वद. पेट्रोलच्या गाडीस अशा प्रसंगी बाटलीभर इंधन पाजले की ती उठून बसते. डिझेलची गाडी मात्र रिकामी झाली की ‘एअर पकडते’, म्हणजे तिच्या नळ्यांत हवा शिरते, आणि ती हवा हाताने काढल्यावाचून ती अन्नपाणी घेत नाही.

धानाचे भारे वाहणारा एक ट्रॅक्टर मागून आला. चालक वयस्क होता. त्याने उतरून टाकीच्या तोंडाशी कान लावला, माझ्या चष्म्याकडे पाहिले आणि विचारले, "एवढा सिकलेला मानूस, अन् डिझल भराले भुलला का जी?" भुललो नव्हतो, बुद्धिपुरस्सर भरले नव्हते, हे त्यास समजावून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. त्याने आपल्या कॅनमधून दोन लिटर ओतले, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप अंगठ्याने दाबू लागला. प्रथम नुसता फेस आला, मग बुडबुड्यांसह काळसर तेल, आणि शेवटी निर्मळ अखंड धार. तेव्हा कोठे त्याने स्क्रू आवळला. "बोडीतला पानी बी कोनी पुरा काढत नाही जी," तो हात पुसत म्हणाला, "खाली गाराच रायते."

या एका वाक्याने माझी पाचही कलमे रद्दबातल केली. बोडी म्हणजे छोटे तळेच. मालगुजारी १९५१ साली गेली, तरी या जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सरकारी दफ्तर आता संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणते, ते अद्याप आहेत. कोहळी समाजाने बांधलेल्या त्या तलावांचे पाणी पाळीपाळीने पुरवून वापरण्याची विद्या या मुलखास जुनी आहे. तळ गाठणे म्हणजे काटकसर, असे तिच्यात कोठेही सांगितलेले नाही. टाकीच्या तळाशीही गाळ आणि पाणी साचते, आणि तळ गाठणाऱ्या कंजूषाच्या फिल्टरमध्ये ते नेमके जाऊन बसते. सबब कलम सहावे व अखेरचे: पाव टाकी उरली की पंप गाठावा.

त्या गृहस्थाने पैसे घेतले नाहीत. उसने ठेवू नये या शिकवणीस अनुसरून पुढील रविवारी दोन लिटर डिझेल कॅनमध्ये घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर पडले, म्हणजे दोन लिटर परत करण्यासाठी सव्वादोन लिटर जळाले. आणि परतताना डिकीत नव्या तांदळाचे एक चुंगडे होते, मागच्या आसनावर वरठीस गाडी गाठावयाची असलेला त्यांचा जावई होता. त्या टाकीचा भागाकार मी वहीत लिहिलेला नाही. तांदूळ मात्र फार सुवासिक निघाला.