सर, हात सैल सोडा

लातुरात माणसाला दोन गोष्टी लपवता येत नाहीत. पोराचे नीटचे मार्क आणि स्वतःचं दुखणं. मार्कांचे तर फोटोसकट फलकच लागतात. दुखण्याचं असं की गावातले निम्मे डॉक्टर माझ्या क्लासचे आणि उरलेले समोरच्या क्लासचे. माझे विद्यार्थी फी घेत नाहीत म्हणून तिकडे जायला संकोच, आणि समोरच्या क्लासवाल्याकडून बरं होणं हे तत्त्वात बसत नाही. भौतिकशास्त्र शिकवत जन्म गेला, तेव्हा तत्त्व सोडता येत नाही.

त्यामुळे उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा बभ्रा करायचा नाही असं ठरवलं होतं. पण खडू हातातून गळायला लागला आणि पहिल्या बाकावरची मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "सर, बी-ट्वेल्व्ह कमी पडलं असेल." अजून बारावी व्हायचीय, पण निदान तयार. घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी हात उलटापालटा करून पाहिला. "शिरंवर शीर चढलीय बगा. लसूण घालून त्याल कडवा अन् चोळा. काय दवाखाने दवाखाने करूलालाव!" शेजारच्या निवृत्त तलाठ्यांनी मानेतली गादी सरकल्याचा पंचनामा केला. मेडिकलवाल्याने न विचारता इंजेक्शनांचा कोर्स काढून काउंटरवर ठेवला. मी सगळ्यांचं थोडंथोडं ऐकलं. मुंग्या मात्र कुणाचंच ऐकेनात. रात्री दोन-तीनच्या सुमारास हात बधिर होऊन जाग यायची, मग अंथरुणात बसून तो झटकत राहायचं. बायको अंधारात म्हणायची, "कुणाला हाका मारायलात?"

शेवटी तिनेच तोड काढली. तिचं माहेर नांदेड. "डॉक्टर लेनमध्ये दाखवू. तिथं कोण ओळखतंय तुम्हाला!" हे ऐकायला जरा लागलं, पण पटलं. मेव्हण्याने नंबर लावून ठेवला आणि आम्ही चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. गेटवर मेव्हणा उभाच होता. "दाजी, काही नसतं. नुसतं करंट देऊन बघतात."

ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना 'ओल्या हाताने बटणाला हात लावू नका' असं बजावलं, त्याला हे सांगायची ही पद्धत नव्हे.

आत गेलो. डॉक्टर मान वर करून बघतात न बघतात तोच खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि वाकून पाया पडले. "सर, मी ९६ च्या बॅचचा."

लातूर पॅटर्नपासून पळून कुठे जाणार?

पुढची चौकशी ऐकून बॅच आपलीच याची खात्री पटली, कारण सगळे प्रश्न पर्यायी होते. मुंग्या कुठे येतात? अंगठा, तर्जनी, मधलं बोट की करंगळी? रात्री जास्त की दिवसा? हात झटकल्यावर बरं वाटतं का? मी म्हटलं, करंगळी सोडून सगळीकडे. त्यावर तो असा खूश झाला की मीच बरोबर उत्तर दिलं असावं. मनगटातून जी मीडियन नावाची नस तळहातात उतरते, तिच्या वाट्याला अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा फक्त अर्धा भाग येतो. उरलेली अर्धी अनामिका आणि करंगळी दुसऱ्या नसेची. एका बोटाची अशी वाटणी आमच्याकडे फक्त भावकीत होते. मनगटात ही नस हाडं आणि एका जाड पट्ट्याच्या मधल्या बोगद्यातून जाते, नऊ कंडरा सोबत घेऊन. तिथे जागा कमी पडली की नस दबते. दबलीय की नाही, हे एनसीव्ही नावाची तपासणी सांगते.

टेक्निशियनने माझा हात स्पिरिटने पुसला. पुन्हा पुसला. मग संशयाने हुंगून विचारलं, "काका, तेल लावलंय का?" लसणाचा वास लपत नसतो. कातडीवर तेल असलं की तार नीट चिकटत नाही. मग हात लावून बघतो तर थंड. बाहेर नांदेडचा मे महिना, आणि आत एसीने माझी बोटं गार करून ठेवलेली. हात एका अंशाने गार झाला की नसेचा वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने उतरतो, म्हणून गरम पाण्याची पिशवी आणली गेली. भर मे महिन्यात, नांदेडमध्ये, माझा हात शेकला जात होता. बाहेर मेव्हण्याला सांगितलं असतं तर त्याने मशीनचीच तपासणी करायला लावली असती.

मग डॉक्टर स्वतः आला. "सर, करंट इलेक्ट्रिसिटी तुमच्याकडूनच शिकलो," असं म्हणून त्याने दोन टोकांचा दांडा माझ्या मनगटावर टेकवला.

टक्! अंगठा आपोआप उडाला. मी उडवला नव्हता.

वर्षानुवर्षं मी गॅल्व्हानीची गोष्ट रंगवून सांगत आलो. बोलोन्या गावचा हा प्राध्यापक, त्याच्या टेबलावरचे बेडकाचे पाय विजेने कसे उडाले, १७९१ साली त्याने ते कसं छापलं. पोरं हसायची. त्या गोष्टीत बेडकाची बाजू कुणीच मांडत नाही, हे त्या दिवशी लक्षात आलं.

"किती मिलिअँपिअर?" मी विचारलं. मास्तर आहे.

"सर, वीसच्या आसपास. पण फक्त ०.२ मिलिसेकंद. आता थोडं वाढवतो." वाढवलं. अंगठा अजून जोरात उडाला. पुन्हा वाढवलं. शेवटी पडद्यावरची लाट मोठी व्हायची थांबली. मला वाटलं सुटलो. तर म्हणाला, "आता उत्तर वाढत नाहीये, म्हणून अजून थोडं वाढवून खात्री करू." नसेतला एकही धागा उत्तर द्यायचा राहू नये म्हणून तसा नियमच आहे. बरोबर उत्तर आल्यावरही पोराला पुन्हा फळ्यापाशी बोलवायची सवय याला कुणी लावली, ते मी विचारलं नाही.

मनगटावर झाल्यावर कोपरापाशी. मग टेपने अंतर मोजलं, पेनाने हातावर खुणा केल्या. २२ सेंटिमीटर. वेळेतला फरक ४ मिलिसेकंद. तो आकडे मशीनमध्ये घालेपर्यंत मी तोंडी म्हटलं, "सेकंदाला ५५ मीटर. म्हणजे ताशी १९८ किलोमीटर." हाताच्या नसेला ५० च्या वर असलं की चांगलं म्हणतात. गणित यायला लागल्यावर मला एकदम बरं वाटू लागलं. हा वेग पहिल्यांदा मोजला हेल्महोल्ट्झने, १८५० च्या सुमारास, बेडकाच्याच नसेवर. तो सेकंदाला २७ मीटरच्या आसपास भरला. आकडे टिपायला त्याची बायको बसायची. आणि हा वेग कधी मोजता येणार नाही, असं लिहून ठेवणारा म्युलर हा हेल्महोल्ट्झचा मास्तर. हे मी डॉक्टरला सांगितलं. तो अदबीने म्हणाला, "हो सर," आणि पुन्हा करंट दिला.

गडबड मनगटाच्या पुढे निघाली. तिथून अंगठ्याच्या मुळापर्यंत जेमतेम सात-आठ सेंटिमीटर. त्याला चार मिलिसेकंदांच्या आसपास लागावेत, माझ्या नसेला साडेपाच लागत होते. कोपरापासून १९८ च्या वेगाने सुसाट आलेली गाडी स्टेशन दिसत असताना आऊटरला उभी. लातूर रोडच्या प्रवाशाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

"आता सुई," तो म्हणाला. याला ईएमजी म्हणतात. यात करंट देत नाहीत. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसात बारीक सुई घालून स्नायूचीच वीज ऐकायची. खरंच ऐकायची, मशीनला स्पीकर असतो. "सर, हात सैल सोडा."

सैल सोडणे हा प्रकार मास्तराला येत नाही. मी जेवढा सैल सोडायला जाई, तेवढा स्पीकर खरखरे. डॉक्टरने सुचवलं, "दुसऱ्या कशाचा तरी विचार करा." मी समोरच्या क्लासचा निकाल आठवला. खरखर दुप्पट झाली. मग त्याने माझा अंगठा हलकेच उलट्या दिशेला वळवून धरला, तेव्हा कुठे शांतता झाली.

"छान. पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येत नाही ना, म्हणजे स्नायू शाबूत आहे." नस तुटत आली की स्नायू पडल्यापडल्या तसे वाजतात म्हणे. २०१६ साली ज्या गावाने मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं, त्या गावच्या माणसाला पत्र्यावर पाऊस वाजला नाही म्हणून अभिनंदन घ्यावं लागलं.

रिपोर्ट आला. रात्री मनगटाला पट्टा बांधायचा, खडूऐवजी डिजिटल बोर्ड वापरायचा, साखर आणि थायरॉईड तपासून घ्यायचं. ऑपरेशन सध्या नको. मेव्हण्याने रिपोर्ट दोन्ही बाजूंनी वाचून, "दाजी, काही नसतं म्हटलं होतं ना," असं जाहीर केलं. बायकोने मात्र डॉक्टरला विचारलं, "कानापासून मेंदूपर्यंतचा वेग यात बघत नाहीत का?" त्यालाही वेगळी तपासणी असते, हे त्या गाढवाने खरंच सांगितलं. एवढंच नव्हे, कानाला हेडफोन लावून कशी करतात तेही सांगितलं.

फीचं पाकीट काढलं तर त्याने हात जोडले. "सर, तुमच्याकडून? शक्यच नाही." मग जरा घुटमळला. "मुलगी यंदा अकरावीला गेलीय. लातूरलाच ठेवायची म्हणतोय. तिची इलेक्ट्रिसिटी फार कच्ची आहे. तुमच्या बॅचला..."

बॅच भरली होती. पण ज्याच्या हातात अजून सुई आहे, त्याला नाही कसं म्हणणार?

लोह्याच्या पुढे येईपर्यंत बायको गप्प होती. मग तिने हिशेब मांडला. त्याने फी घेतली नाही, तेव्हा आता आपणही घेऊ शकत नाही. दोन वर्षांचा क्लास, टेस्ट सिरीज, नोट्स. "डावा हात दुखायला लागला," ती म्हणाली, "तर समोरच्या क्लासवाल्याकडे दाखवा. पैसे देऊन."