स्टुलाची पाठ

‘समानार्थी शब्द लिहा’ हा शाळेच्या प्रश्नपत्रिकेतला एका गुणाचा प्रश्न निदान इंग्रजीपुरता तरी रद्द करावा. इंग्रजीत समानार्थी शब्द नसतात, भाऊबंद असतात. एका अर्थाच्या घरात दोन शब्द नांदू लागले की शे-दोनशे वर्षांत कुरबुर सुरू होते. मग एकाने मरायचं, नाहीतर वाटणी करून मधे भिंत घालायची. शब्दकोश आपल्याला दोघांचं आडनाव सांगतो. सातबारा कुणाच्या नावावर आहे ते काही सांगत नाही. आणि शब्दकोश पाठ करून निघालेला परका माणूस अडखळतो तो नेमका त्या भिंतीला.

स्टुलाचंच बघा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत स्टूल म्हणजे कुठलंही आसन, अगदी राजाच्या सिंहासनालाही हाच शब्द. जर्मन भाषेतल्या त्याच्या भावाला, श्टूलला, आजही पाठ आहे आणि तिला टेकून माणसं सुखाने जेवतात. इंग्लंडात मात्र १०६६ साली नॉर्मन आले, त्यांच्याबरोबर फ्रेंच आली आणि फ्रेंचच्या मागोमाग चेअर आली. चेअरचं खानदान मोठं: मूळ ग्रीक, मग लॅटिन. बिशपची खुर्ची ज्या चर्चमध्ये असते ते कॅथीड्रल, ते याच घराण्यातलं. असा तालेवार भाऊ वाटणीला बसल्यावर व्हायचं तेच झालं. पाठ चेअरला गेली, हात चेअरला गेले, मान तर गेलीच गेली. स्टुलाकडे उरली एक फळी आणि तिचे पाय. सभा चालवतो तो चेअरमन, स्टूलमन अजून जन्मायचा आहे. बरं, दैवाने इथं तरी थांबावं! पुढे शौचाला बसायच्या आसनाला स्टूल म्हणू लागले, मग त्या क्रियेला, आणि अखेर तिच्या फलिताला. आज पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीतून ‘स्टूल आणलंय का?’ असा खणखणीत प्रश्न येतो, तेव्हा कागदात गुंडाळलेली डबी पुढे सरकवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार, की आपण एका राजसिंहासनाचा नमुना जमा करतो आहोत! त्या मानाने शर्ट आणि स्कर्ट समजूतदार निघाले. एक इंग्रजांच्या घरचा, दुसरा व्हायकिंगांबरोबर समुद्रावरून आलेला, आणि दोघांचाही मूळ अर्थ अंगरखाच. वाटणी बरोबर कमरेवर झाली, दोघांची अब्रू शाबूत राहिली.

वाटण्यांमधली सर्वांत गाजलेली वाटणी गोठ्यात आणि ताटात झालेली. सर वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’ या १८१९च्या कादंबरीत ती एका विदूषकाच्या तोंडून डुकरं राखणाऱ्या गड्याला समजावून दिली आहे. जनावर हाकायचं, चारायचं, चिखलातून ओढायचं, तोवर त्याचं नाव सॅक्सन, म्हणजे जुनं इंग्रजी. शिजून धन्याच्या पानात पडलं की ते नॉर्मन. म्हणून चिखलातला पिग ताटात पोर्क होतो आणि शीपचं मटन होतं. यावर भाषेचे अभ्यासक हरकत घेतात आणि ती रास्त आहे. बीफ, मटन हे शब्द पुढे कित्येक शतकं जिवंत जनावरांनाही लावले जात होते. शिवाय चिकन, फिश आणि लॅम्ब ताटात येऊनही इंग्रजच राहिले, त्यांचं काय? पण या हरकतीने माझाच पक्ष बळकट होतो. विजेत्याने तलवार उपसली आणि एका रात्रीत वाटणी झाली, असं म्हणतोय कोण? ती दिवाणी दाव्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या तारखा घेत झाली. काही मिळकतींचा निकाल लागला, काही तशाच राहिल्या. भिंत मात्र उभी राहिली ती राबणारा आणि जेवणारा यांच्यामधेच. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. संस्कृतातला ‘गर्भिणी’ शब्द शतकानुशतकं झिजून ‘गाभण’ झाला. म्हणजे शब्द एकच, एक सोवळ्यातला आणि एक गोठ्यातला. आता ही दोन रूपं समानार्थी आहेत असं ज्याला वाटत असेल, त्याने डोहाळजेवणाच्या पत्रिकेत दुसरं छापून पाहावं.

विरुद्ध पक्षाचा मोठा साक्षीदार म्हणजे थिसॉरस, समानार्थी शब्दांचा कोश. पीटर मार्क रोजे हा पेशाने डॉक्टर. १८०५ साली त्याने स्वतःच्या सोयीसाठी शब्दांची यादी सुरू केली आणि १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ती ग्रंथरूपाने छापली. पण त्या ग्रंथातले शब्द कल्पनांनुसार लावलेले आहेत. त्याने सारी भावकी एका मांडवात बसवली, एवढंच. लग्नात एका पंगतीला बसले म्हणून भावांचे सातबारे एक होतात की काय? ‘इकॉनॉमिक’ धोरण म्हणजे आर्थिक धोरण आणि ‘इकॉनॉमिकल’ धोरण म्हणजे कमी खर्चातलं. जुनं कुलूपही ‘हिस्टॉरिकल’ असू शकतं, पण ‘हिस्टॉरिक’ व्हायला इतिहास घडावा लागतो. मराठीत या दोघांना मिळून एकच ‘ऐतिहासिक’ आहे, आणि त्यामुळे आपल्या नेत्यांच्या सभांची केवढी सोय झाली आहे ते आपण पाहतोच.

खरा अडचणीचा आक्षेप आहे तो ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’चा. अर्थ एकच, पेटणारं. इथं वाटणी कुठे आहे? ‘इन्फ्लेमेबल’मधलं ‘इन’ नकाराचं नाही, ते लॅटिनमधून पेटवण्याच्या क्रियापदालाच चिकटून आलं आहे. पण वाचणाऱ्याने ते नकाराचं समजून शेजारी विडी शिलगावली, तर व्युत्पत्ती समजावायला वेळ उरत नाही. म्हणून १९२०च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. तेव्हापासून पिंपावर आणि डब्यावर ‘फ्लेमेबल’ बसू लागला, माणसाचं डोकं मात्र अजून ‘इन्फ्लेमेबल’च असतं. म्हणजे इथंही मोजणी सुरू झाली आहे, खुणेचे दगड तेवढे पडायचे आहेत. आपल्या टँकरच्या पाठीवर अजून जुनाच शब्द आहे, पण मागच्या दुचाकीवाल्याला तो वाचण्याइतकं अंतर ठेवायची सवय नाही. आणि इंग्रजांना हसायचा आपल्याला अधिकारही नाही. ‘परोक्ष’ म्हणजे पाठीमागे, ‘अपरोक्ष’ म्हणजे समोर. तरी ‘माझ्या अपरोक्ष माझी निंदा करतात’ ही तक्रार महाराष्ट्रभर रोज होते आणि तिच्यातलं व्याकरण कुणी तपासत नाही.

वाटणीच नाकारून एकत्र कुटुंब टिकवलं ते फक्त वकिलांनी. इंग्रजी ‘विल’ आणि लॅटिन ‘टेस्टामेंट’ त्यांनी एकाच दस्तात शेजारी बसवले. आपल्याकडच्या ‘कागदपत्रां’तही एक फारसी आणि एक संस्कृत असे दोघे गुण्यागोविंदाने राहतात. बाकी सगळीकडे मोजणी चालूच असते, आणि शब्द समुद्र ओलांडून आला की पुन्हा नव्याने होते. हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल हे तिघे एकाच लॅटिन शब्दाचे वंशज. एकाला रोगी मिळाले, दुसऱ्याला विद्यार्थी, तिसऱ्याला प्रवासी. तिसरा महाराष्ट्रात उतरला आणि त्याची गादी लॉजने नेली, त्याच्याकडे राहिली मिसळ. मटनाचं मटण झालं आणि विलायतेतली मेंढी जाऊन कोल्हापूरच्या रश्शात बोकड आला. आता कोपऱ्यावरच्या हॉटेलात रात्रीच्या मुक्कामाची चौकशी केली, तर गल्ल्यावरचा माणूस रस्त्यापलीकडच्या लॉजकडे बोट दाखवतो, आणि दुसऱ्या हाताने आपल्याला बसायला स्टूल सरकवतो.