लिफ्ट धरून ठेवणाऱ्यांस

चहा घ्या, मग सांगतो. देहूरोडची आमची सोसायटी सात मजल्यांची. मजल्याला ३ मीटर धरले, तर गच्चीपर्यंत २१ मीटर होतात. ऑक्टोबरात मी नेपाळला निघतोय. आधी एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक, मग शेर्पा गाइडबरोबर आयलंड पीक, उंची ६१८९ मीटर. तिथल्या तळापासून शिखर सुमारे ११०० मीटर वर आहे, म्हणजे आमचा जिना ५२ वेळा. म्हणून रोज पहाटे साडेपाचला मी पाठीवर १२ लिटर पाण्याच्या बाटल्या घेऊन २० खेपा करतो.

आता होतं काय, की तिसऱ्या मजल्यावर हमखास कुणीतरी लिफ्टचं दार पायाने अडवून उभं असतं. "अहो या ना, लिफ्ट चालू आहे की!" मी हाताने नको म्हणतो. त्यांना तो संकोच वाटतो, ते आणखी थांबतात. लिफ्ट पींपीं करत राहते. शेवटी मला थांबून आयलंड पीक समजावून सांगावं लागतं. तोवर दम बसतो, लय जाते, ती खेप बाद. एका आठवड्यात अशा नऊ खेपा बाद झाल्या. लिहून ठेवल्या आहेत.

वर पोचल्यावर मी पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना घालतो आणि लिफ्टने खाली येतो. ओझं घेऊन उतरताना गुडघ्यांवर मार बसतो, तो सराव मी रविवारी घोरावडेश्वरच्या पायऱ्यांवर करतो. यावर सूचनाफलकावर कागद लागला: 'काही सदस्य विनाकारण लिफ्टचा एकेरी वापर करीत असल्याचे निदर्शनास आले आहे.' एकेरी मान्य. 'विनाकारण' या शब्दाला मी लेखी हरकत घेतली आहे. उत्तर प्रलंबित आहे.

कारण तर सरळ आहे. आपलं राज्य कळसूबाईवर, १६४६ मीटरला संपतं. आमचा ट्रेक लुक्लाला, सुमारे २८५० मीटरवर सुरू होतो. विरळ हवेचा सराव इथे करताच येत नाही. ती हवा तिथेच, हळूहळू अंगवळणी पाडावी लागते. ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवायचा नाही. म्हणूनच मी २० दिवसांची रजा मागितली. साहेब म्हणाले, "आठ दिवसांत उरका." घाईने वर गेलेल्यांच्या फुप्फुसात पाणी होतं, मेंदूला सूज येते, हे रजेच्या अर्जावरच्या 'कारण' या दोन इंचांच्या रकान्यात मावलं नाही. मागे पुरवणी जोडली.

म्हणजे इथे राहून तयार करता येतात ते फक्त पाय. आणि पायांसाठी आहे तो जिनाच.

शेजारचे सुभेदारकाका म्हणतात, "आम्हाला सरकार पगार देऊन बर्फात पाठवायचं, तुम्ही पैसे भरून जाताय?" त्यांचा मान राखून मी गप्प बसतो. बाकीचे विचारतात, "म्हणजे एव्हरेस्ट नाही?" १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचा संघ पोचला, तेव्हापासून इकडे त्याहून बुटक्या शिखराला दाद नाही. पण १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या लोकांनी, तेनसिंगसह, आधी सरावासाठी आयलंड पीकच चढलं होतं. सराव केल्याबद्दल त्यांच्यावर कुणी फलक लावल्याचं माझ्या वाचनात नाही.

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. पहाटे साडेपाच ते सात या वेळात कुणी पाठीवर ओझं घेऊन जिना चढताना दिसलं, तर लिफ्टचं दार लागू द्या. धरायचंच असेल, तर तो खाली यायला निघेल तेव्हा धरा.