शिकारी पक्ष्यांचे फोटो काढण्याची शास्त्रोक्त पद्धत (फक्त नागपूर जिल्ह्यासाठी)

सर्वप्रथम जंगलात जाणे बंद करावे. नागपूर स्वतःला वाघांची राजधानी म्हणवते. त्यामुळे हातात कॅमेरा आला की इथला माणूस पेंच, ताडोबा, नाहीतर उमरेड-कऱ्हांडल्याच्या गेटसमोर रांगेत जाऊन उभा राहतो. तिथे परवाना लागतो, जिप्सी लागते, गाईड लागतो आणि एवढे करून वाघ दिसेलच असे नाही. शिकारी पक्ष्याला यातले काही लागत नाही. कुही, मौदा, भिवापूर किंवा कळमेश्वर तालुक्यातली एखादी पांदण त्याला पुरते. एका अंगाला वीतभर वाढलेला हरभरा, दुसऱ्या अंगाला वेचणी उरकत आलेली पऱ्हाटी आणि मध्ये विजेची तार. त्या तारेवर तुमच्याकडे पाठ करून जो बसलेला असतो, तो आपला अभ्यासविषय.

श्रीगणेशा पक्षी सप्ताहात करावा. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा, म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा सरकारमान्य आहे. घरातून बाहेर पडायला सरकारी कारण असले की घरच्यांचा विरोध निम्म्यावर येतो. तोवर भोवत्ये, म्हणजे पक्षीमित्र ज्यांना हॅरियर म्हणतात ते, कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशांतून येऊन वावरांवर फिरायला लागलेले असतात. डिसेंबरात शहरात विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले तर बाहेर पडण्याचा रस्ता आदल्या दिवशीच ठरवावा. ते पाहुणे भोवत्यांच्या बरेच नंतर येतात आणि भोवत्यांच्या कितीतरी आधी परत जातात, मात्र रस्ते त्यांनाच जास्त लागतात.

आता सामग्री. लेन्स सहाशे मिलिमीटरची असावी. तिची किंमत घरी सांगताना एक शून्य गाळण्याची प्रथा आहे. तिपाई आणू नये, आणलीच तर गाडीच्या डिकीतून बाहेर काढू नये. याचे कारण पक्ष्यांशी संबंधित नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्याआधीची काही वर्षे या पट्ट्यात वावरात तिपाई रोवून उभा राहणारा माणूस म्हणजे मोजणीवाला, हे समीकरण इतके पक्के झाले की अजून सुटलेले नाही. तिपाईचे तिन्ही पाय जमिनीला टेकायच्या आत धुऱ्यावरून आवाज येतो.

"काय मोजून राह्यले भाऊ?"

"काही नाही काकाजी, पक्षी पाहून राह्यलो."

"पक्षी पाहाले एवढी मशीन? खरं सांगा न. रोड कुठून जाऊन राह्यला?"

"रोड नाही हो काकाजी. तो पाहा, तारेवर बसला तो."

"आमचं वावर येते का त्याच्यात?"

इथे घाईने 'नाही' म्हणू नये. ज्यांची जमीन गेली त्यांच्या दारात चारचाकी आली, हे काकाजींनी पाहिलेले असते. आपल्या वावरात फक्त पक्षी आला, ही बातमी त्यांना हळूहळू द्यावी लागते. ती पचेपर्यंत पक्षी उडून जातो, हे ओघानेच आले.

कपड्यांबद्दल एक इशारा. परदेशी जंगलांतल्या पानांची छपाई असलेला हिरवा-तपकिरी वेश बाजारात मिळतो. पांढऱ्याशुभ्र बोंडांनी फुटलेल्या कापसात असा माणूस मैलभरावरून उठून दिसतो. घार एकदा पाहून दुर्लक्ष करते, कुत्री मात्र तसे करत नाहीत. त्यापेक्षा जुना सदरा आणि खांद्यावर दुपट्टा उत्तम. या वेशातली माणसे पक्ष्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत आणि त्यांच्यापासून किती अंतर ठेवायचे तेही त्यांनी ठरवून टाकले आहे.

वेळेचे शास्त्र कडक आहे. डिसेंबरच्या अखेरीस नागपुरात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. भोवत्ये रात्री झाडावर बसत नाहीत, गवतात जमिनीवर झोपतात आणि उजाडताच शिकारीला निघतात. म्हणजे फटफटायच्या आत तुम्ही पांदणीवर हवे. गरुड, तिसा वगैरे जड मंडळी ऊन तापून हवा वर चढू लागेपर्यंत, म्हणजे नऊ-दहापर्यंत, खांबावर बसून राहतात. या दोन वेळांच्या मधोमध तर्री पोह्यांची वेळ येते. खरा नागपूरकर पाचला उठतो, साडेपाचला निघतो आणि गाव ओलांडायच्या आत पहिल्या टपरीवर थांबतो. थंडीचे कारण तयारच असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि त्या एका दिवसाच्या बळावर दरवर्षी दुसरी प्लेट मागवता येते. वावरात पोहोचेपर्यंत दहा वाजतात. तेव्हा जमिनीवरून हवेच्या लाटा उठू लागतात आणि दूरचा प्रत्येक फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. याचा दोष लेन्सला द्यावा. पोह्यांचे नाव कुठेही घेऊ नये.

गाडीतून उतरू नये. शास्त्रातला हा एकच नियम असा आहे की तो पाळणाऱ्याला खरोखर फोटो मिळतो. पक्ष्याला गाडीची भीती वाटत नाही, दार उघडण्याची वाटते. इंजिन बंद करावे, काच खाली करावी, खिडकीत हरभरा किंवा तांदूळ भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी आणि बोलणे थांबवावे. शेवटची पायरी जमत नसल्याने नागपूर जिल्ह्यात चांगले फोटो कमी निघतात, असे माझे मत आहे. गाडीपेक्षा ट्रॅक्टर चांगला आणि ट्रॅक्टरपेक्षा बैलबंडी. नांगराच्या मागे उडणाऱ्या किड्यांसाठी बगळे येतात, उघड्या पडलेल्या उंदरांसाठी घारी येतात. आपल्यालाही ट्रॅक्टरच्या मागे चालता येते, पण एवढ्या महागाची लेन्स धुळीत न्यायला कोणी धजत नाही.

ओळख पटवण्याचा भाग सर्वांत गहन. तारेवर बसलेला पांढरा-करडा, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक, अधूनमधून हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारा तो कापशी. हा बारमाही इथलाच, त्यामुळे त्याला फारशी प्रतिष्ठा नाही. उंदीर सर्वांत जास्त तोच मारतो, पण फोटोला लाईक मिळतात ते कझाकस्तानच्या पाहुण्याला. भोवत्या ओळखायला तसा सोपा: पिकाच्या शेंड्यांवरून हातभर उंचीने, पंख उथळ व्ही आकारात धरून, वावर विंचरत जावे तसा येरझारा घालतो. त्याचा चेहरा घुबडासारखा चपटा असतो आणि गवतातली खुसखूस त्याला ऐकूही येते. नर असेल तर प्रश्न मिटतो. पॅलिड हॅरियरचा नर फिकट, पंखाच्या टोकाला काळी पाचर. मॉण्टेग्यूचा नर जरा गडद, पंखावरून आडवी काळी पट्टी. मादी असेल तर मात्र प्रकरण गंभीर होते. दोघींचाही रंग तपकिरी, दोघींच्याही शेपटीच्या बुडाशी पांढरा डाग. मानेभोवतीच्या फिकट पट्टीवरून त्या वेगळ्या ओळखाव्यात असे पुस्तके सांगतात. ही पट्टी फोटोत नेमकी पंखामागे लपलेली असते.

अशा वेळी फोटो ग्रुपवर टाकून खाली ठामपणे 'पॅलिड' असे लिहावे. प्रश्नचिन्ह दिलेत तर कोणी उत्तर देत नाही. चुकीचे नाव दिलेत तर सात मिनिटांत अमरावती, अकोला आणि पुण्याहून दुरुस्त्या येतात, त्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि मूळ फोटो कोणाचा हे संध्याकाळपर्यंत सगळे विसरतात. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे, म्हणजे आपल्या अजब बंगल्याचे, क्युरेटर डी'अब्रू यांनी मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी केली. ती १९३५ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. त्या काळी शंका फेडण्याचे सर्वमान्य साधन बंदूक हे होते. पक्षी हातात येत असे आणि वाद संपत असे. आता पक्षी सुखरूप कझाकस्तानला परततो आणि वाद इथेच राहतो. हा सौदा चांगला झाला असे मला वाटते, फक्त ग्रुपमधल्या ज्येष्ठांपुढे तसे बोलण्याची सोय नाही.

प्रत्यक्ष फोटो काढण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवावे, सूर्य पाठीशी घ्यावा आणि मागे निळे आभाळ असेल तर पक्षी काळा पडू नये म्हणून उजेड थोडा वाढवावा. भोवत्या सरळ तुमच्याकडे येऊ लागला की कॅमेऱ्यातली काही ना काही सेटिंग बदलावीशी वाटते. ती बदलावी. आपल्या आधीच्या सर्वांनी हेच केले आहे.

बसलेल्या पक्ष्याची अडचण वेगळी. तो तारेवर, खांबावर किंवा झटका मशीनच्या दांडीवर बसतो आणि स्पर्धांच्या परीक्षकांना 'नैसर्गिक' फांदी हवी असते. बाभळी धुऱ्यावरून तोडून झाल्या, हे परीक्षकांना कोणी कळवलेले नसते. यावर उपाय शेतकऱ्याकडे आहे. हरभऱ्यात घाटेअळी पडली की कृषी विभाग वावरात पक्षी थांबे लावायला सांगतो. इंग्रजी टी अक्षरासारख्या दोन काड्या, खर्च जवळजवळ शून्य. दिवसा त्यांवर कोतवाल बसून अळ्या वेचतो, संधिप्रकाशात कापशी उंदरांवर नजर ठेवतो, रात्री घुबड येते. म्हणजे पक्ष्याने बसावे म्हणून पैसे न घेता जागा उभारणारा माणूस या जिल्ह्यात आहे. त्याच्या वावरात आपण पक्ष्याकडे पाहतो आणि काड्यांना 'डिस्टर्बिंग' म्हणून कॉम्प्युटरवर पुसून टाकतो. ज्या वावरात ऐन हिवाळ्यात फवारणीवर फवारणी होते, तिथे नाकतोडे संपतात आणि भोवत्याही थांबत नाही. फवारा कुठे मारला हे ग्रुपवर कोणी सांगत नाही. ते शेतकऱ्यालाच विचारावे लागते आणि त्यासाठी, नाइलाजाने, गाडीतून उतरावे लागते.

पक्षी उडत नसेल तर खडा मारावा, टाळी वाजवावी किंवा सोबतच्या कनिष्ठाला वावरात पिटाळावे, असा एक संप्रदाय आहे. त्याचे फोटो लगेच ओळखू येतात. प्रत्येकात पक्षी आपल्याकडे पाठ करून पळत असतो. या संप्रदायात जाणाऱ्यांनी पक्ष्यांऐवजी शेपट्यांचा संग्रह करावा.

ठिकाण गुप्त ठेवावे. भोवत्यांची रात्रीची जागा सापडली तर विशेषच, कारण जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला कुत्रे आणि छायाचित्रकार दोन्ही सारखेच गैरसोयीचे. गावाचे नाव लिहू नये, तालुक्याचेही नको, 'मध्य भारत' एवढेच टाकावे. मात्र फोटोच्या कोपऱ्यात कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी दिसत नाहीत ना, हे आधी पाहावे. पुष्कळांची गुप्तता तिथेच उघडी पडलेली आहे.

शेवटचा विधी वावरमालकाचा. तुम्ही निघायच्या बेतात असता तेव्हा तो येतो. आता त्याला तुम्ही मोजणीवाले नाही हे पटलेले असते.

"घारीचा फोटू काढून का करता? रोह्याचा काढा न. काल राती कळप शिरला, सारा हरभरा तुडवला. पंचनाम्याले फोटू लागते म्हणते."

तुम्ही वावरात जाता. अर्धा एकर आडवा झालेला असतो, खुरांचे ठसे स्पष्ट असतात, पक्ष्यांच्या मानाने विषय अगदी स्थिर असतो. सहाशेची लेन्स इथे निरुपयोगी, कारण तिच्यात हरभऱ्याचे एकच झाड मावते. वनखात्याच्या भरपाईसाठी पिसे शार्प येऊन भागत नाही. तारीख हवी, वेळ हवी आणि ठिकाण अक्षांश-रेखांशांसह हवे. मोठी लेन्स सीटवर ठेवावी, खिशातला मोबाइल काढावा आणि फोटोवर हे सगळे छापून देणारे ॲप उघडावे. ते घरूनच डाउनलोड करून निघावे, पांदणीत रेंज नसते.