दोष निवडून घेणाऱ्यांची स्तुती

पुण्यात गिटार वाजवणारी काही माणसं सध्या एका निवडीत गढलेली आहेत. रात्री जेवणं आटोपली की कोथरूडच्या किंवा वाकडच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत कानाला हेडफोन लावून ती बसतात आणि १९५५ सालचा अमेरिकन ॲम्प्लिफायर बरा, १९६३ चा इंग्लिश बरा की १९६५ चा पुन्हा अमेरिकन, याचा विचार करतात. यातला एकही ॲम्प त्यांना विकत घ्यायचा नसतो. घ्यायचं असतं एक पेडल, म्हणजे पायाने दाबायची, विटेहून लहान अशी धातूची डबी, जी त्या ॲम्पसारखा आवाज देते. मूळ ॲम्प त्यांच्यापैकी बहुतेकांनी समोरासमोर ऐकलेला नसतो. चांगल्या पेडलची किंमत तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते आणि निवड महिनोन्‌महिने चालते. घरच्या मंडळींना हा वेडेपणा वाटतो. तो वेडेपणा आहेच. पण तो फार वरच्या दर्जाचा वेडेपणा आहे आणि या शहरात त्याची कदर होत नाही, म्हणून त्याची बाजू मांडायला हवी.

ज्याची नक्कल करायची तो व्हॉल्व्हच्या ॲम्पचा आवाज आधी समजून घेऊ. जुन्या पुणेकराला व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बटण फिरवल्यावर लगेच न बोलणारा, आधी आतून नारिंगी उजेड दाखवणारा आणि मग सावकाश आवाज धरणारा रेडिओ त्याने पाहिलेला असतो. २ ऑक्टोबर १९५३ ला आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं तेव्हा लोकांनी ते व्हॉल्व्हच्या रेडिओवरच ऐकलं. प्रभात फिल्म कंपनीचे बोलपट, गणेशोत्सवातले कर्णे, सवाई गंधर्व महोत्सवाची पहिली वर्षं, या सगळ्यांतलं गाणं तापलेल्या काचेच्या नळीतून गेलेलं आहे. तेव्हा व्हॉल्व्हच्या आवाजाची ओढ हे परक्या देशातून आलेलं खूळ आहे, असं निदान पुण्याने तरी म्हणू नये.

नळीच्या आत कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, मधल्या जाळीवर गिटारचा बारीकसा विद्युतदाब त्यांना अडवतो किंवा सोडतो आणि पलीकडच्या प्लेटवर तोच दाब मोठा होऊन मिळतो. झेपेल तेवढंच काम दिलं तर व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्यातला फरक कानाला फारसा जाणवत नाही. फरक पडतो तो झेपेनासं झाल्यावर. साधा ट्रान्झिस्टर ॲम्प मर्यादा आली की आवाजाचा माथा सपाट कापून टाकतो आणि ते कानाला टोचतं. व्हॉल्व्ह आधी दबतो, मग हळूहळू गोलाईने कापायला लागतो. त्यात मूळ स्वराच्या वरचे स्वर मिसळतात आणि आवाज जाड, उबदार आणि किंचित खरखरीत होतो. गिटारवादक याला ब्रेकअप म्हणतात. हळुवार छेडलं तर स्वच्छ आणि जोरात छेडलं तर फाटका, असा दोन्हींच्या सीमेवरचा आवाज त्यांना हवा असतो.

हा आवाज कोणी ठरवून बनवला नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्याला हवा होता स्वच्छ आणि मोठा आवाज. फाटणं ही त्याच्या लेखी यंत्राची हार होती. वादकांनी मात्र बटणं पार शेवटपर्यंत फिरवली आणि हरलेलं यंत्रच त्यांना आवडलं. लिंक रे याने १९५८ च्या ‘रंबल’साठी स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६४ मध्ये किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या ॲम्पचा स्पीकर पात्याने चिरला. शहाण्यांनी तो स्पीकर दुरुस्तीला टाकला असता. पुढच्या साठ वर्षांचं रॉक संगीत या लोकांनी तो दुरुस्तीला टाकला नाही म्हणून उभं राहिलं.

नकलेचंही तसंच आहे. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला जिम मार्शलचं ड्रमचं दुकान होतं. गिटारवाले तिथे येऊन फेंडरचा बासमन ॲम्प मागत. अमेरिकेहून आणलेला ॲम्प इंग्लंडमध्ये फार महाग पडे. म्हणून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मार्शलच्या माणसांनी बासमनचं सर्किट समोर ठेवून जेटीएम ४५ बनवला. सर्किट जवळजवळ तेच होतं, पण सुटे भाग इंग्लंडमध्ये मिळतील ते आणि स्पीकर सेलेस्टियनचे. त्या बदललेल्या भागांतून जो आवाज निघाला त्याला आज जग मार्शलचा आवाज म्हणून ओळखतं. आयात परवडत नाही म्हणून केलेली ती नक्कल होती. पुण्यातल्या पोराने अमेरिकन ॲम्प परवडत नाही म्हणून पेडल घेतलं तर तो त्याच परंपरेत बसतो, आणि ती परंपरा मानाची आहे.

आता त्या पेडलच्या आत काय असतं ते पाहू, कारण वेडेपणाचा खरा कळस तिथे आहे. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बार्टाने सॅन्सॲम्प बाजारात आणलं. ते संगणकाशिवाय, साध्या इलेक्ट्रॉनिक भागांनी व्हॉल्व्हच्या ॲम्पचा आभास करत होतं. १९९८ मध्ये लाइन ६ कंपनीचा लाल रंगाचा पॉड आला. २०११ मध्ये जर्मनीतल्या केम्परने खऱ्या ॲम्पमध्ये ठरावीक आवाज सोडून, बाहेर काय येतं ते मोजून, त्या एका ॲम्पची त्या क्षणाची मुद्रा उतरवून घ्यायची सोय केली. आता ते काम न्यूरल नेटवर्क करतं. युनिव्हर्सल ऑडिओने २०२२ मध्ये तीन पेडलं काढली: वुड्रो ’५५, रुबी ’६३ आणि ड्रीम ’६५. फेंडरचा ट्वीड डिलक्स, व्हॉक्सचा एसी ३० आणि फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब यांच्या या नकला आहेत. स्ट्रायमनच्या इरिडियममध्ये डिलक्स रिव्हर्ब, एसी ३० आणि मार्शलचा प्लेक्सी असे तिघे एकाच डबीत आहेत.

ट्वीड डिलक्सचं उदाहरण मी मुद्दाम लांबवणार आहे. पन्नासच्या दशकातल्या या छोट्या ॲम्पला दोन आवाजाची बटणं होती, एक वाद्याचं आणि एक माइकचं. सर्किट इतकं साधं, की दोन्ही बटणं एकमेकांत गुंतलेली. माइकच्या बाजूला काहीही लावलेलं नसलं तरी तिथलं बटण फिरवलं की गिटारचा आवाज बदलतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष आहे, शिकाऊ मुलाच्या वहीत त्यावर लाल रेघ येईल. त्या ॲम्पचा रेक्टिफायर, म्हणजे एकाच दिशेची वीज पुरवणारा व्हॉल्व्ह, ५वाय३. त्याच्यामुळे जोरात झणकारा मारला की वीजपुरवठा क्षणभर खचतो, आवाज आत ओढला जातो आणि मग फुगत वर येतो. हाही दोषच. आणि या दोन्ही दोषांची समीकरणं मांडून, ती सेकंदाला हजारो वेळा सोडवणारी चिप बसवून, निष्णात अभियंत्यांनी ते जसेच्या तसे वुड्रोमध्ये उतरवले. पेडलवर माइकचं ते बटणही आहे आणि ते फिरवलं की आवाज बदलतो. माणसाने आपलं सगळ्यात अवघड गणित सत्तर वर्षांपूर्वीच्या एका काटकसरीची चूक जपायला वापरावं, यासारखी आदराची गोष्ट मला आजच्या तंत्रज्ञानात दुसरी दिसत नाही.

महाराष्ट्राला हे नवं वाटायला नको. मिरजेला तानपुरा बनतो. त्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्यावर लाकडी दांडी, चार तारा आणि खाली घोडी. तार घोडीला एका धारेवर टेकली तर स्वर स्वच्छ निघेल, पण तो तानपुरा होणार नाही. म्हणून कारागीर घोडीचा माथा इतक्या हलक्या उताराने घासतो की कंप पावणारी तार त्याला पुनःपुन्हा स्पर्श करत राहते. मग तारेखाली सुताचा दोरा घालतो आणि तो केसभर पुढे-मागे सरकवतो. तार घोडीवर घासून झणझणते तेव्हाच जवारी लागली असं आपण म्हणतो. स्वच्छ स्वराला घासून त्यात झणझण आणायची, ती किती आणायची यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालायचा, एका गायकाला मोकळी जवारी हवी आणि दुसऱ्याला बंद, यासाठी कारागिराला परत बोलवायचं. पुण्याने हा वेडेपणा कधी वेडेपणा मानला नाही, त्याला विद्या म्हटलं. १९७९ च्या सुमारास बेंगळुरूच्या रॅडेलने इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. त्याला नावं ठेवणाऱ्यांच्या घरातही आज रियाजाला तो किंवा त्याचं ॲप चालतं. कोणता इलेक्ट्रॉनिक तानपुरा खऱ्याच्या जास्त जवळ जातो, यावर सदाशिव पेठेत गंभीर चर्चा होऊ शकते. तीच चर्चा गिटारच्या पेडलवर झाली की ती पोरकट कशी ठरते?

शहाण्यांचा मुख्य मुद्दा असा की ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. जॅमरूममध्ये ड्रम वाजायला लागले, बास आला, गायक ओरडायला लागला की ’६३ कुठला आणि ’६५ कुठला हे समोरच्याला सांगता येत नाही. हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण तानपुऱ्याचा पंचम किंचित उतरलेला आहे हेही मागच्या रांगेतल्या श्रोत्याला कळत नसतं. ते गायकाला कळतं, आणि मग त्याचा षड्ज नीट लागत नाही, आणि तो न लागलेला षड्ज मात्र मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो. गिटारचंही असंच आहे. बोट जरा हलकं पडलं की आवाज निवळतो आणि जरा जोर दिला की कुरकुरतो, असा ॲम्प असेल तर वादक हलकं-जड वाजवायला लागतो. सगळं एकाच पातळीवर दाबून टाकणारी डबी असेल तर तो एकाच जोराने वाजवत राहतो, कारण हाताला उत्तर मिळत नाही. म्हणजे फरक श्रोत्याच्या कानात थेट शिरत नाही, वादकाच्या उजव्या हातातून शिरतो. निवडीत घालवलेले महिने त्या हातासाठी असतात.

दुसरा मुद्दा प्रोसेसरचा. एवढ्याच पैशांत किंवा त्याहून कमी पैशांत शंभर ॲम्प आणि दोनशे इफेक्ट एका प्रोसेसरमध्ये मिळतात, मग एकाच ॲम्पची डबी कशाला? शंभर ॲम्प असलेल्या माणसाला एकाही ॲम्पची ओळख होत नाही, एवढंच याचं उत्तर. एसी ३० चा ट्रेबल किती चढवला की तो काचेसारखा टोचायला लागतो, हे तोच ॲम्प रोज वाजवणाऱ्याला कळतं.

खरा ॲम्पच का घेत नाही, असं विचारणाऱ्याने एकदा एसी ३० उचलून पाहावा. तो तीस किलोच्या पुढे जातो. दुचाकीवर तो नेता येत नाही आणि पुण्यातला वादक दुचाकीवरच फिरतो. जड सोडा, पण त्याचा खरा आवाज निघतो तो बटण चांगलं वर नेल्यावर, आणि तेव्हा तो खोलीत शंभर डेसिबलच्या पलीकडे जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र. वादकाला वेळ मिळतो तो नेमका त्या रात्रीतच. व्हॉल्व्ह आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन अशा मोजक्या ठिकाणी बनतात. २०२२ मध्ये रशियातली निर्यात अडली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांना घोर लागला. तापट नळीच्या मागे धावण्यापेक्षा तिचा स्वभाव शिकून घेतलेली थंड डबी पुण्याच्या फ्लॅटला जास्त साजेशी आहे, आणि शेजाऱ्याच्या झोपेचा मान राखून फाटका आवाज काढणं हा सभ्यपणाच आहे.

निवडायचं कसं, यावर माझं मत ठाम आहे. व्हिडिओवर निवडू नका. तिथली गिटार, तिथला हात आणि तिथलं मिक्सिंग दुसऱ्याचं असतं. पुण्यात वाजवणाऱ्यांची सेकंड हँड देवाणघेवाण भरपूर चालते. ओळख काढा, दोन दिवसांसाठी पेडल मागून आणा, आपलीच गिटार लावा. आधी स्पीकरची नक्कल चालू आहे ना ते पाहा, कारण खऱ्या गिटार स्पीकरमधून पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं बाहेर पडत नाही, आणि ती गाळणी बंद असेल तर जगातला उत्तम ॲम्पही डासासारखा गुणगुणतो. मग गेन, म्हणजे आवाज फाटवणारं बटण, चढवा आणि पेडलला हात न लावता गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण निम्म्यावर आणा. आवाज नुसता बारीक झाला तर डबी परत करा. तो निवळला, म्हणजे फाटकेपणा गेला आणि तारा वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या, तर थांबा. आता एक कॉर्ड वाजवून ती पूर्ण विरेपर्यंत ऐका, कारण हलक्या नकला शेवटच्या दोन सेकंदांत उघड्या पडतात, आवाज अचानक तुटतो किंवा सळसळतो. हेच दुसऱ्या पेडलवर करा, मग पुन्हा पहिल्यावर, आणि सगळ्यांचा आवाज सारखा मोठा ठेवा, नाही तर मोठा असेल तोच चांगला वाटेल. घरात कोणी विचारलं की इतका वेळ काय चाललंय, तर खरं ते सांगा. फरक ऐकू आला नाही तर स्वस्तातलं घ्या, वर्षभर वाजवा आणि पुढच्या वर्षी दोन्ही पुन्हा लावून ऐका.