कान्हेरीचा मुदपाकखाना

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस उतरून राष्ट्रीय उद्यानाचा दरवाजा गाठीपर्यंत वडे, डोसे आणि पावभाजी यांचे सुगंध वाटसरूस पदोपदी अडवीत असता, त्या सर्वांना निग्रहाने डावलून ‘आज भोजन करीन तर प्राचीन वास्तूतच’ अशी घोर प्रतिज्ञा आमच्या मेहुण्यांनी केली. कारण ते इतिहासाचे भोक्ते आहेत आणि पोळी व बटाट्याच्या भाजीचे त्याहून मोठे.

त्या उद्यानातल्या कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांपैकी अकराव्यास दरबार म्हणतात. आत दोन लांबलचक, बुटके पाषाणी ओटे समोरासमोर कोरले आहेत. ते भिक्खूंच्या पंगतीसाठी असावेत असे काही विद्वान म्हणतात, तर काहींच्या मते ते ग्रंथपठणासाठी होते. परंतु भर बारा वाजता तेथे पोहोचलेल्या माणसास दुसरे मत क्षणभरही पटत नाही. शिवाय संघाच्या योगक्षेमाचा बंदोबस्त पक्का होता. मंगलस्थान, म्हणजे आपले मागाठाणे, येथील शेत दान दिल्याची नोंद शिलालेखात आहे. आणि लेण्यालेण्याच्या दाराशी पाण्याची पोढी, म्हणजे टाके, अशी चोख खोदलेली, की कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाने तिला साष्टांग दंडवत घालावा.

“भावोजी, पंगत इथेच!” असे म्हणून मेहुण्यांनी डब्याच्या कडीस हात घातला, तोच पहारेकरी उद्गारला, “साहेब, आत खायला मनाई आहे. आणि बाहेर उघडाल, तर ते बसलेत.”

‘ते’ पायऱ्यांवर सहकुटुंब बसले होते. मध्यान्ह टळल्यावर भिक्खूने अन्न सेवन करू नये, हा विनयाचा दंडक आमच्यापुरता अमलात आणण्याचे काम त्यांच्यातील एका धिप्पाड वानराने तत्परतेने केले. त्याने डबा हिसकला, पोळीची गुंडाळी उलगडली, बटाटा तेवढा वेचून खाल्ला आणि मिरचीचा तुकडा चिमटीत धरून, नीट न्याहाळून, अलगद बाजूस ठेविला. इतकी चिकित्सा मेहुण्यांनी उभ्या जन्मात कोणत्याही पदार्थाची केलेली नाही.

अखेर हाताशी काठी आणि टोपलीवर फडके ठेवून बसलेल्या एका आदिवासी बाईंनी काकडी सोलली, उभी चिरली, तिखटमीठ भरले आणि बजावले, “दादा, इथंच खा, भिंतीला पाठ लावून.” त्या मुद्रेत घेतलेला तो आहार मी नामांकित हॉटेलांतील जेवणांहून सरस मानतो.

जाणाऱ्यांनी डबा बोरिवलीतच संपवून वर चढावे. काकडी वर मिळते. सोमवारी उद्यान बंद असते.